टाचेपुरती जागा

१

पेटीवाले नेहमी म्हणायचे, मोटारसायकलला पेटी लावणं आणि कुणाला सल्ला देणं, दोन्ही घाईत केलं की पुढे वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पुढे कामाची जागा, मागे एक खोली, मध्ये पडदा. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या गाड्यांना दोन्ही अंगांना टणक, कुलपाच्या पेट्या बसवून द्यायच्या, हा धंदा. कुणा उस्तादाच्या हाताखाली गेले नव्हते. पत्रा कापत आणि सोबत बोटं कापत शिकले. जसं गिऱ्हाईक तशी पेटी. गुरांच्या डॉक्टरला लशींसाठी आतून थर्माकोल लावून दिलं, एका फोटोवाल्याला कॅमेऱ्यांच्या आकाराचे खळगे कापून दिले. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन आले, म्हणाले, "ह्याच्यासाठी पेटीला खिडकी हवी." पेटीवाल्यांनी विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" म्हाताऱ्याने जरा विचार केला. "त्याला विचारून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच येऊन सांगून गेला, डावीकडे.

पण खिडक्या, खळगे, कुलपं ही सगळी वरची कलाकुसर. पेटी लावण्यातली खरी मेख टाचेत असते. उजवीकडे सायलेन्सर असतो, तिथली पेटी आपोआप लांब राहते. डावी पेटी मात्र अंगासरशी बसते, आणि ती दोन बोटं जरी पुढे आली तरी मागे बसणाऱ्याची टाच तिच्या कोपऱ्यावर आपटते. पहिल्या मैलाला कळत नाही. पन्नासाव्या मैलाला पाय अवघडतो, शंभराव्याला फुटरेस्टवरून निसटतो. आणि पाय निसटला की माणूस निसटतो.

म्हणून त्यांच्याकडे टाचेची परीक्षा असे. दुपारी एक ते तीन रस्ता रिकामा. बायको पडद्यामागून येई, एका डब्याच्या झाकणात खडूची पूड असे, तीत डावी टाच बुडवी आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर मागे बसे. चौकाला एक फेरी. परत येऊन वाकून बघायचं. पेटीच्या कोपऱ्यावर पांढरं उमटलं, तर पेटी एक भोक मागे. ब्रॅकेटच्या पट्टीला ते ओळीने पाच भोकं पाडत. चौथ्यापर्यंत कुणाचंही काम भागायचं.

"मग पाचवं कुणासाठी?" बायको विचारायची.

"असू दे गं. लागलं कधी तर."

"अहो, चौथ्याच्या मागे टाच असणारा माणूस मला एकदा दाखवा. मी त्याला चहा पाजीन."

फेरीत एक नियम होता, तोही तिचाच. मागे वळून बघायचं नाही. "तुम्ही वळलात की माझा तोल जातो, आणि तोल गेला की टाच भलतीकडेच लागते. मी आहे मागे. कुठे जात नाही."

तीस वर्षं त्यांनी तो नियम पाळला. दोन हिवाळ्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

२

त्यांच्या स्वतःच्या गाडीला पेट्या नव्हत्या. हे ऐकून लोक हसायचे. भिंतीवर अकरा वर्षांपूर्वीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर समुद्रात पुढे घुसलेल्या खडकावरचं एक दीपगृह. बायकोला तिथे जायचं होतं. दर वर्षी ठरायचं, दर वर्षी कुणीतरी गिऱ्हाईक "उद्याच निघायचंय हो" म्हणत यायचं, आणि आपली गाडी पुन्हा आच्छादनाखाली. ती गेल्यावर त्यांनी गाडीही काढली नाही आणि कॅलेंडरही.

मग लेकीचा फोन आला.

"बाबा, पुढच्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. आईची गाडी दे. आम्ही दीपगृहापर्यंत जाऊन येतो."

"आईची कुठली? गाडी माझ्या नावावर आहे."

"नावावर तुझ्या. हट्ट आईचा. पेट्या लावून ठेव, आणि हो, मागे मी बसणार, तेव्हा नीट लाव."

दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. आच्छादन काढलं, तेलपाणी केलं. शेजारच्या सीटवाल्याकडून सीटला नवं फोम आणि नवं कव्हर घालून घेतलं. पेट्या मापून, पत्रा वाकवून, काळा रंग देऊन चार दिवसांत तयार. हात इतके सवयीचे, की मन भलतीकडे असलं तरी चालत राहतात, आणि तिथेच घोटाळा झाला. दोन वर्षांत ते गाडीकडे बघत आले होते ते एकट्याची गाडी म्हणून. एकटा स्वार असला की पेट्या पुढे ओढायच्या, वजन मधोमध येतं, हा धंद्यातला शहाणपणा. पेटीवाल्यांनी दोन्ही पेट्या पहिल्या भोकात घट्ट केल्या, हात पुसले आणि दुपारचे मागच्या खोलीत जरा आडवे झाले. लेक मागे बसणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तीन वाजता शटर वर केलं, उजेड आत आला, आणि डाव्या पेटीच्या पुढच्या कोपऱ्यावर त्यांना पांढरं दिसलं.

हात आधी फडक्याकडे गेला. मग थांबला.

टाच होती. अर्धचंद्रासारखी, आणि तिच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी खाच.

लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. पत्र्याचा एक कापलेला तुकडा त्यांनी झाडायचा ठेवला, तो बायकोच्या टाचेत गेला. जखम भरली, खाच राहिली. पुढे प्रत्येक परीक्षेला ती पेटीवरच्या ठशाकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगायची, "बघा, ही ह्यांची सही. माझ्या पायावर केलीय."

३

पेटीवाले व्यवहारी माणूस. डोळ्यांना दिसलं म्हणून लगेच मान्य करायचं, असं केलं असतं तर धंदा पहिल्याच वर्षी बुडाला असता.

त्यांनी रीतसर विचार केला. खडूची पूड दुकानात आहे. दोन वर्षांची धूळ आहे. जुन्या परीक्षेतला एखादा ठसा कुठल्या फडक्यावर राहिला असेल, ते फडकं पेटीला घासलं असेल. फळीवर झाकण होतं, वर कापड. कापड उचललं. पुडीत टाच बुडाल्याचा खळगा होता, कडेला खाच.

हे तर बरोबरच होतं. ती शेवटची बसली त्यानंतर पुडीला हात कुणी लावला होता? ती गेल्यावर परीक्षेसाठी त्यांनी लाकडाची एक टाच बनवून घेतली होती, चांभाराच्या साच्यासारखी, काठीला ठोकलेली. ती कोरडीच लावून बघत. बायकोच्या झाकणाला त्यांनी हात लावला नव्हता.

आता लावला. शहानिशा करायची तर करायची. बोटाने पूड सपाट केली. अर्धी झाल्यावर ध्यानात आलं, की जगात तिच्या पायाचा तेवढाच एक ठसा उरला होता आणि आपण तो पुसतो आहोत. पण अर्ध्यावर थांबून तरी काय राहणार होतं? पूर्ण सपाट केली. पेटीही पुसली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता शटर ओढलं, आतून कुलूप घातलं, किल्ली उशाखाली. झोप कसली येते. छताकडे बघत पडले होते.

दीडच्या सुमारास पडद्यापलीकडे शॉकअपची स्प्रिंग दबली.

हा आवाज ज्याने आयुष्यभर ऐकलाय त्याला समजावून सांगावा लागत नाही. माणूस मागच्या सीटवर बसला की गाडी एक उसासा टाकते, बारीक, तेलकट. कोण बसलं तेही कळतं. बायकोला ते म्हणायचे, "माझी चार बोटं, तुझी दोन." म्हणजे ते बसले की गाडी चार बोटं खाली जायची, ती बसली की आणखी दोन. हा दोन बोटांचा उसासा होता.

ते उठले नाहीत. उतरल्याचा आवाज आला की उठू, असं ठरवलं. उतरताना स्प्रिंग सुटते, तिचाही एक आवाज असतो.

तीन वाजेपर्यंत कान लावून पडून राहिले. बसल्याचा आवाज आला होता. उतरल्याचा आलाच नाही.

बाहेर आले तर गाडी रिकामी. शटरचं कुलूप जागच्या जागी. पेटीच्या कोपऱ्यावर टाच. फळीवरच्या झाकणात, सपाट पुडीत, खळगा.

४

सीटवाला शेजारच्याच गाळ्यात बसायचा. जिभेला हाड नसलेला माणूस, पण हात सोन्याचा. पेटीवाल्यांनी त्याला बोलावलं आणि ठशाबद्दल चकार शब्द न काढता म्हणाले, "सीट जरा बघतोस का? मागून मऊ वाटतंय."

"मऊ? परवा बसवलंय फोम. दगड आहे दगड. तुमचंच काहीतरी मऊ झालं असेल." सीटवाल्याने तळवा ठेवून दाबलं. पुढे दाबलं, मागे दाबलं. मग कव्हरच्या चार पिना उचकटून आत बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"काका, कुणाला मागे बसवून रोज फिरताय काय?"

"गाडी दुकानाच्या बाहेर गेलेली नाही."

"मग हे काय? पुढचं फोम कोरं आहे. मागचं दबलंय. पाच-दहा वर्षं एकच माणूस बसल्यासारखं." त्याने बोट घालून दाखवलं. "आणि डावीकडे जास्त. डावीकडे कलून बसणारं माणूस आहे. काकू नाही का, तशाच बस..."

तो मध्येच थांबला. त्याने पिना पुन्हा ठोकल्या, गरजेपेक्षा दोन जास्तच ठोकल्या.

"फोमच खराब लागलं असेल," तो म्हणाला. "बदलून देऊ?"

"नको," पेटीवाले म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की दोघंही जमिनीकडे बघायला लागले.

५

रात्री जेवताना त्यांना आपली चूक उमगली. पहिलं भोक! ही तर एकट्याची फिटिंग. मागे बसणाऱ्याची टाच लागणारच. तीस वर्षांत ठसा उमटल्यावर ती जे सांगायची तेच आताही सांगत होती, पेटी मागे घ्या. त्यांना हसूच आलं. मेल्यावरही कामातली चूक काढणार. शाबास!

सकाळी बारा-तेराचा पाना घेतला आणि डावी पेटी दुसऱ्या भोकात सरकवली. दुपारी उसासा आला. ठसा उमटला, पण फिका. पुढच्या दिवशी तिसरं भोक. कोपऱ्याला नुसता स्पर्श, कुणी पिठाचं बोट लावावं तसा. गुरुवारी चौथं.

गुरुवारी दुपारी ते अंथरुणावर पडलेही नाहीत. खाटेवर ताठ बसून राहिले. एक वाजला, दीड, दोन. पडद्यामागे सारं शांत. रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

तीनला जाऊन बघितलं. पेटी लख्ख काळी. झाकणातली पूड सपाट. फिटिंग बिनचूक.

एवढी बिनचूक फिटिंग त्यांनी उभ्या जन्मात केली नसेल. पेटीवाले एका उलट्या खोक्यावर बसले आणि त्या लख्ख कोपऱ्याकडे बघत राहिले. काम झालं की ती काय करायची, हे त्यांना आठवलं. "झालं बाई तुमचं," म्हणून गाडीवरून उतरायची, पाय झटकायची आणि पडद्यामागे निघून जायची.

काम झालं होतं. ती गेली होती.

खोक्यावरून उठले तेव्हा पाना त्यांच्या हातात होता. गिऱ्हाइकाच्या गाडीशी असं केलं असतं तर त्यांनी स्वतःचेच हात तोडले असते. चारही बोल्ट काढले आणि डावी पेटी पुन्हा पहिल्या भोकात आणून घट्ट केली.

६

शुक्रवारी दीड वाजता गाडीने उसासा टाकला आणि पेटीवाल्यांच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांनी सुखात काढले, असं म्हणायला हरकत नाही. सकाळपासून एकची वाट बघायची. गिऱ्हाइकांना नंतर या म्हणून सांगायचं. एक वाजता दाढी करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसायचं. उसासा आला की पडद्याकडे तोंड करून बोलायचं.

"लेक येतेय रविवारी. जावई बरा आहे, पण गाडी जोरात काढतो. तू असतीस तर कान उपटले असतेस."

"सीटवाला घाबरलाय. दुकानासमोरून जाताना आता पलीकडच्या फुटपाथने जातो."

उत्तर येत नसे. उतरल्याचा आवाजही येत नसे. तीन वाजता ठसा असे. रोज पुसण्याआधी ते त्याच्यावर तळवा ठेवत. खाच अंगठ्याखाली यायची.

चौथ्या दिवशी ठशाला शेपूट फुटलं. टाच उमटली होती त्याखाली पांढरा ओरखडा, खाली घसरलेला. पाचव्या दिवशी तो वीतभर झाला. सहाव्या दिवशी काळ्या रंगाचा पापुद्रा निघून आतला पत्रा दिसायला लागला, आणि सातव्या दिवशी पत्र्याला पोचा होता. तो पत्रा हातोडीशिवाय दबत नाही.

पेटीवाल्यांनी पोच्यावर बोट फिरवलं. शेपूट म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पाय ठरत नाहीये. टाच पेटीवर आपटते, निसटते, पुन्हा फुटरेस्ट शोधते, पुन्हा आपटते. हा पन्नासाव्या मैलाचा ठसा होता. शंभराव्याला काय होतं, तेही त्यांना ठाऊक होतं.

बसल्याचा आवाज रोज येतो, उतरल्याचा येत नाही, याचा अर्थ तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आला. त्यांना वाटत होतं, ती दुपारी दोन तास येते. ती बसून होती. गेल्या शुक्रवारपासून या शुक्रवारपर्यंत, रात्रंदिवस, टाच टेकवायला जागा नसलेल्या गाडीवर, कुठल्या रस्त्याने कोण जाणे.

आणि परवा त्याच सीटवर लेक बसणार होती.

७

शनिवारी एक वाजता त्यांनी शटर ओढलं, पण मागच्या खोलीत गेले नाहीत. गाडीवर बसले, पुढे, आपल्या जागी. चार बोटं गाडी खाली गेली. हँडल धरलं. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती, तिच्यात धूळ फिरत होती.

"परीक्षा घेऊ," ते म्हणाले. "चल."

वेळ गेला. मग गाडी आणखी दोन बोटं खाली बसली.

सदऱ्याच्या पाठीला काही लागलं नाही. श्वास ऐकू आला नाही. फक्त पाठीमागची हवा भरली, जशी खोलीत कुणी आलं की भरते. मान वळायला लागली होती, ती त्यांनी दात आवळून धरली. तीस वर्षांचा नियम. तुम्ही वळलात की माझा तोल जातो.

पण आरशाबद्दल ती कधी काही बोलली नव्हती.

डावा आरसा खाली झुकलेला होता, कधी धक्का लागला असेल. त्यात सीट दिसत नव्हती, चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दिसत होता फुटरेस्ट आणि पेटीचा कोपरा. आणि फुटरेस्टवर एक पाऊल. खडूने पांढरं, खडू नव्हता तिथेही पांढरं. ते थरथरत होतं. खूप लांबचा रस्ता खाली पळत असावा तसं. टाच मागे गेली, पेटीवर आपटली, घसरली, बोटांनी फुटरेस्ट चाचपला, सापडला, पुन्हा टाच मागे गेली. गाडी बंद होती. दुकानात वाऱ्याची झुळूक नव्हती. पण त्या पावलावरचं पातळाचं टोक मात्र फडफडत होतं.

पेटीवाल्यांनी डोळे मिटले.

"चुकलो," ते म्हणाले. "मला तू जायला नको होतीस, म्हणून केलं. आता मागे घेतो. लगेच घेतो."

किती वेळ तसे बसले, त्यांना सांगता आलं नसतं. डोळे उघडले तेव्हा आरशात फुटरेस्ट रिकामा होता. ते उतरले, पाना घेतला आणि चारही बोल्ट काढले. एक नट दोनदा फरशीवर पडला. डावी पेटी चौथ्या भोकात गेली. पोचा आतून ठोकून काढला, रंग दिला. रंग वाळेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. निरोपाचं काही बोलावं असं वाटलं, पण तीस वर्षांच्या संसारात नेमकं तेवढंच बोलायची सवय नव्हती.

८

रविवारी सकाळी लेक आणि जावई आले. लेकीने पेट्या पाहिल्या आणि शिट्टी वाजवली, अगदी आईसारखी.

"बाबा, ह्या तर गिऱ्हाइकाच्या पेट्यांपेक्षा चांगल्या झाल्यात."

"आधी परीक्षा. मग कौतुक."

"अजून ते खडूचं आहे?"

"असायलाच पाहिजे."

लेकीने बूट काढला, झाकणात डावी टाच बुडवली, जावयाच्या मागे बसली. चौकाला एक फेरी. पेटीवाले वाकले, डोळे बारीक करून कोपरा बघितला. कोरा. ठेवणीतल्या फडक्याने तरीही पुसला.

"लागत नाही ना?"

"अजिबात नाही. मस्त जागा आहे."

"जावईबुवा, जोरात काढू नका. पाय निसटला की..."

"माणूस निसटतो," दोघं एका सुरात म्हणाले.

"पाना डाव्या पेटीत ठेवलाय," पेटीवाले म्हणाले.

ते निघाले. पेटीवाले रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले. गाडी जाताना तिचं बूड बघायचं, ही जुनी खोड. जावयाची पाच बोटं. लेकीची आईसारखीच दोन. भरलेल्या पेट्यांचं एक. आठ बोटं.

चौकात गाडी वळायला मंदावली. लेकीने दोन्ही हात वर करून हलवले. गाडी आठ बोटं खाली होती. मग, वळता वळता, ती आणखी दोन बोटं खाली बसली.

हाक मारायला त्यांनी हात वर केला. लेकीला वाटलं, बाबा निरोप देतायत. तिने अजून जोरात हात हलवले आणि गाडी वळणाआड गेली.

९

परत येऊन त्यांनी फरशीवरचं झाकण उचललं. पुडीत लेकीच्या टाचेचा खळगा होता. त्याच खळग्यात, त्याच्या वरून, दुसरा. कडेला खाच.

दुपारी एक वाजता सवयीने आडवे झाले. गाडीची जागा रिकामी. दुकानात इतकी शांतता होती, की भिंतीवर कॅलेंडरचा कागद हलला तेही ऐकू आलं.

तीनला फोन वाजला.

"बाबा, अर्ध्यावर आलोय. चहाला थांबलोय. काय सुंदर रस्ता आहे रे!" मागून वाऱ्याचा आवाज येत होता. "एक सांगू? तू खडू पुसायचा विसरलास."

"पुसला होता मी."

"डाव्या पेटीवर आहे ना पण. कोपऱ्यावर नाही, जरा मागे, बाहेरच्या अंगाला. टाचेसारखं." ती हसली. "माझी टाच तिथे कशी जाईल? तिथे लागायला माझ्याही मागे कुणीतरी बसायला हवं."

पेटीवाले उठून बसले. समोर भिंतीवर दीपगृह होतं, अकरा वर्षांच्या उन्हाने फिकं झालेलं.

"शेपूट आहे का त्याला?" त्यांनी विचारलं. "खाली ओरखडा?"

"थांब बघते. नाही. नुसता ठसा. का रे?"

शेपूट नाही, म्हणजे पाय अजून ठरलेला आहे. अजून वेळ गेलेली नाही.

"ऐक. आत्ता, निघायच्या आधी. डावी पेटी आणखी एक भोक मागे घ्या. पाचव्यात."

"पण मला लागत नाहीये, बाबा."

"तुला नाही गं."

फोनवर फक्त वारा होता. जावई लांबून काहीतरी विचारत होता. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती अगदी हळू, जवळच कुणी झोपलं असावं अशा बेताने म्हणाली,

"किती नंबरचा पाना लागेल?"

"बारा-तेरा," पेटीवाले म्हणाले. "आणि मागे वळून बघू नका."